पक्षाची मतं, गटाची मतं: कोल्हापूर जिल्ह्यात मतदारसंघाचं गणित कसं मांडायचं

कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेच्या दहा जागा आहेत. २०१४ ला त्यातल्या सहा शिवसेनेने घेतल्या, भाजप आणि राष्ट्रवादीला दोन-दोन मिळाल्या, काँग्रेसला भोपळा. २०१९ ला काँग्रेस चार, राष्ट्रवादी दोन, शिवसेना एक, जनसुराज्य एक, अपक्ष दोन, भोपळा भाजपला. २०२४ च्या लोकसभेला कोल्हापूरची जागा काँग्रेसच्या शाहू छत्रपतींनी दीड लाखावर मताधिक्याने काढली आणि पाचच महिन्यांनी, नोव्हेंबरच्या विधानसभेत, महाविकास आघाडीला दहापैकी एकही जागा मिळाली नाही.

हे पाहून 'वारं फिरलं' म्हणून मोकळं होता येतं. पण या दहा वर्षांतल्या उमेदवारांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर घराणी आणि गट बरेचसे तेच दिसतात. कोल्हापूर दक्षिणमध्ये २०१४ ला अमल महाडिक, २०१९ ला ऋतुराज पाटील, २०२४ ला पुन्हा अमल महाडिक. करवीरमध्ये नरके, मग पी. एन. पाटील, मग पुन्हा नरके. घराणी जागेवर आहेत. त्यांच्या मागे कोण उभं राहिलं, एवढंच दर वेळी बदललं. म्हणून इथे पक्षाच्या यशाचा हिशेब करताना मतं तीन ढिगांत वेगळी काढावी लागतात: चिन्हाची मतं, गटाची मतं आणि दुसऱ्या गटाने पैरा म्हणून, म्हणजे पुढच्या वेळच्या परतफेडीच्या बोलीवर, दिलेली मतं. तिन्ही एकत्र धरून 'आमची मतं एवढी' म्हणणारा मोजणीच्या टेबलावर फसतो. हा हिशेब कागदावर कसा मांडायचा, ते पुढे आहे. उमेदवार, कार्यकर्ता, पत्रकार, राज्यशास्त्राचा विद्यार्थी, कुणीही तो मांडू शकतो. लागतात ते एक एक्सेल आणि दोन आठवडे.

आधी पद्धतीचा नियम

आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त लागत नाहीत. अशा पद्धतीत प्रत्येक मतदारसंघात लढत हळूहळू दोघांवर येते, कारण तिसऱ्याला दिलेलं मत वाया जाईल या विचाराने मतदार आणि देणगीदार दोघंही पहिल्या दोघांकडे सरकतात. फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. कोल्हापूरला तो पक्षांपेक्षा गटांना जास्त लागू पडतो. कागलमध्ये चिन्हं कितीही बदलोत, शेवटी गावागावांत दोन तट उभे राहतात.

राज्यात किती पक्ष खरोखर 'चालतात' हे मोजायला लाक्सो आणि टागेपेरा यांचं १९७९ चं सूत्र वापरा. प्रत्येक पक्षाचा हिस्सा अपूर्णांकात घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि एकाला त्या बेरजेने भागा. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१, ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. या जागांवरून उत्तर साधारण ३.६ येतं. मतांच्या टक्क्यांवरून तेच सात-साडेसातापर्यंत जातं. आणि पक्षांऐवजी महायुती व महाविकास आघाडी असे दोनच गठ्ठे धरले तर जागांचं उत्तर दीडच्याही खाली येतं. मतदार सातांत वाटला गेला होता, सभागृह दीडावर आलं. यातला मोठा वाटा जागावाटपाचा आणि मतं कुठे एकवटली याचा.

मतं एकवटण्याचं उदाहरण वारणेच्या खोऱ्यात आहे. विनय कोरे यांच्या जनसुराज्य शक्ती पक्षाला २०२४ ला राज्यभरात एक टक्काही मतं नव्हती, तरी शाहूवाडी आणि हातकणंगले या दोन जागा आल्या. वंचित बहुजन आघाडीला दोन टक्क्यांच्या वर मतं मिळाली, जागा शून्य. मनसेचंही तसंच. लहान पक्षाने राज्यभर झेंडे लावत फिरण्यापेक्षा दोन तालुके घट्ट धरावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फॉर्म २० उघडा

निकालानंतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० चढतो. त्यात बूथनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा आणि एकूण बेरीज असते. मागच्या किमान तीन निवडणुकांचे फॉर्म उतरवून घ्या: दोन विधानसभा आणि एक लोकसभा. लोकसभेचा फॉर्म विधानसभा क्षेत्रानुसार वेगवेगळा असतो, त्यामुळे तुलना करता येते. हातकणंगले लोकसभेत मात्र आपले शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ हे चार, तर सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा हे दोन, हे विसरू नका. जिल्ह्याची बेरीज करताना हे दोन चुकून आत येतात.

एक्सेलमध्ये एका ओळीत एक बूथ घ्या. रकाने असे: बूथ क्रमांक, गाव किंवा वाडी किंवा पेठ, एकूण मतदार, झालेलं मतदान, पहिला, दुसरा, तिसरा, बाकीचे मिळून, नोटा. मग प्रत्येकाचा टक्का. टपाली मतं फॉर्मच्या तळाशी वेगळी असतात, ती कुठल्याही बूथवर टाकू नका.

पहिली अडचण इथेच येते. बूथ क्रमांक दर निवडणुकीला जागेवर राहत नाहीत. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने बूथमागे मतदारांची कमाल मर्यादा १,५०० वरून १,२०० वर आणली, म्हणजे मोठे बूथ फुटणार आणि पुढचे सगळे क्रमांक सरकणार. क्रमांकाला क्रमांक जुळवून तुलना केली तर एका गावाची मतं दुसऱ्याच्या नावावर चढतात. खेड्यात गाव हे एकक धरा, त्या गावातल्या बूथांची बेरीज करा. शहरात यादीभागाच्या, म्हणजे त्या बूथच्या मतदार यादीच्या, पहिल्या पानावरचा भागाचा तपशील वाचून पेठ ठरवा. शिवाजी पेठेतले सहा बूथ एका मतदान केंद्रावर असले म्हणून ते एकसारखे मतदान करतात असं नाही; एका गल्लीची तालीम एकीकडे आणि पलीकडच्या गल्लीची दुसरीकडे, हे नेहमीचं आहे. तिथे यादीभागच धरा.

आता खरं काम. प्रत्येक गावासाठी दोन प्रश्न विचारा. उमेदवार बदलला तेव्हा चिन्हाचा टक्का टिकला का? आणि चिन्ह बदललं तेव्हा उमेदवाराचा टक्का टिकला का?

उमेदवार बदलूनही टक्का चार-पाच अंकांच्या आत राहिला, तर ते गाव चिन्हाचं. चिन्ह बदलूनही तेवढाच राहिला, तर ते गटाचं. दोन्ही वेळा दहाच्या वर हलला, तर ते सैल गाव, आणि प्रचाराचा वेळ तिथे घालायचा. दोन्ही वेळा टिकला तर बहुधा तिथे एकाच माणसाचा शब्द चालतो. तो माणूस कोण हे एक्सेल सांगत नाही, गावातल्या दूध संस्थेत संध्याकाळी तासभर बसलं की कळतं.

हे चार अंक आणि दहा अंक म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. बाराशे मतदारांच्या बूथवर हजार मतदान झालं तर चार टक्के म्हणजे चाळीस मतं, एका भावकीची. तीनशे मतदारांच्या वाडीवर तेच दहा-अकरा मतं; एक घर मुंबईहून आलं की टक्का हलतो. लहान बूथांच्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका, शेजारच्या दोन वाड्या मिळवून मगच बघा.

गट कसा मोजायचा

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. त्यामुळे निकालाच्या संध्याकाळी दोन्ही पक्ष 'आमचे एवढे सरपंच' म्हणून आकडे देतात आणि दोन्हींची बेरीज एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त होते. त्या आकड्यांकडे बघूच नका. गावातल्या पॅनेलचा प्रमुख कोण, तो जिल्हा परिषदेला कुणाच्या स्टेजवर होता, सेवा सोसायटी कुणाकडे आहे आणि दूध संस्थेचा ठराव कुणाच्या नावाने झाला, हे चार रकाने गावाच्या ओळीपुढे जोडा.

ठरावाचं कोल्हापूरबाहेरच्या माणसाला नवल वाटतं. गोकुळ, म्हणजे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, याच्या निवडणुकीत गावातला गवळी मत देत नाही. प्राथमिक दूध संस्था आपला एक प्रतिनिधी ठराव करून पाठवते, तो ठरावधारक, आणि त्याचं एक मत. संस्था शंभर लिटरची असो की तीन हजार लिटरची, मत एकच. मे २०२१ च्या निवडणुकीत २१ पैकी १७ जागा जिंकून सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या पॅनेलने सत्तांतर केलं. समोर महादेवराव महाडिक आणि पी. एन. पाटील होते. म्हणजे एका बाजूला काँग्रेसचे मंत्री आणि राष्ट्रवादीचे मंत्री, दुसऱ्या बाजूला काँग्रेसचेच आमदार आणि भाजपच्या वर्तुळातलं घराणं. पक्षाच्या नकाशावर ही लढत बसत नाही, गटाच्या नकाशावर चपखल बसते.

पण गोकुळचा निकाल म्हणजे लोकमत नव्हे. तो जाळं मोजतो: किती गावांत तुमच्या बाजूने बोलणारा, संस्था चालवणारा, रोज सकाळ-संध्याकाळ लोकांशी संबंध असणारा माणूस आहे. तो माणूस दोनशे मतं हलवू शकेल की वीस, हे फॉर्म २० वरूनच कळतं. ठराव आपल्याकडे आणि विधानसभेचा टक्का तिशीच्या आत, अशी गावं यादीत सापडली तर तिथे संस्थेचा अध्यक्ष आणि तरुण मतदार यांच्यात बिनसलेलं असतं.

गटाची ताकद दिसते ती पैऱ्यात. कोल्हापूर लोकसभेचे तीन निकाल ओळीने घ्या. २०१४ ला देशभर मोदी लाट असताना इथे राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक निवडून आले. सतेज पाटील तेव्हा त्यांच्याबरोबर होते. २०१९ ला 'आमचं ठरलंय' म्हणत सतेज पाटलांचा गट शिवसेनेच्या संजय मंडलिकांकडे गेला, आघाडीचे अधिकृत उमेदवार धनंजय महाडिक समोर असताना, आणि मंडलिक दोन लाख सत्तर हजारांनी आले. २०२४ ला तोच गट शाहू छत्रपतींच्या मागे, मंडलिक आणि महाडिक एका बाजूला, आणि जागा काँग्रेसला. तिन्ही वेळा हा गट जिकडे, तिकडे गुलाल. यावरून 'गट म्हणजे सगळं' असा निष्कर्ष काढायची घाई मात्र नको. २०१९ च्या मताधिक्यात लाटेचा वाटा होता, २०२४ ला कोल्हापूरच्या गादीबद्दलचा आदर आणि शक्तिपीठ महामार्गावरचा शेतकऱ्यांचा रोष होता. आणि नोव्हेंबरात तोच गट ताकदीने उतरूनही आघाडी शून्यावर राहिली. मधल्या काळात, ऑगस्टपासून, लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये खात्यावर येऊ लागले होते. सरकारी पैसा थेट घरात पोहोचतो तेव्हा गावपुढाऱ्याचा मधला दुवा ढिला होतो. महिलांच्या मतदानाचा टक्का मागच्या वेळेपेक्षा किती वाढला, हा रकाना म्हणूनच हवा.

कागदावरची बेरीज

दोन गट एकत्र आले की कार्यकर्ते लगेच मागच्या वेळची मतं मिळवतात. कागलचा आकडा समोर ठेवा, तो डोळे उघडतो. २०१९ ला मुश्रीफ यांना सुमारे एक लाख १६ हजार, समरजितसिंह घाटगे यांना अपक्ष म्हणून ८८ हजार आणि शिवसेनेच्या संजय घाटगे यांना ५६ हजारांच्या आसपास मतं होती. २०२४ ला संजय घाटगे मुश्रीफांच्या बाजूला आले. कागदावर बेरीज एक लाख ७२ हजारांच्या घरात. मुश्रीफांना प्रत्यक्षात मिळाली एक लाख ४५ हजार, आणि मताधिक्य राहिलं साडेअकरा हजारांचं. समरजितसिंह ८८ हजारांवरून एक लाख ३३ हजारांवर गेले.

मुश्रीफांची स्वतःची सगळी मतं टिकली असं धरलं तरी दुसऱ्या गटाची जेमतेम निम्मी त्यांच्याकडे आली. म्हणून आघाडीच्या हिशेबात आलेल्या गटाची निम्मीच मतं धरा. गट पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोर लढलेले असतील, तर चाळीस टक्के. नेते एका स्टेजवर हार घालून घेतात. गावात मात्र ज्याच्या विरोधात गेल्या पंचायतीला डोकी फुटली, त्याच्या चिन्हासमोरचं बटण दाबताना हात मागे येतो. ईर्षा हेच ज्या गटाचं भांडवल, तो गट तह झाला की विरघळतो.

निम्म्याचा हा अंदाज सुधारायचा असेल तर पंचायत समितीचे गण घ्या. दोन्ही गटांचे कार्यकर्ते एकत्र कोपरा सभा घेतात ते गण वेगळे, जिथे दोघं दोन ठिकाणी मांडव टाकतात ते वेगळे. पहिल्यात साठ टक्के धरा, दुसऱ्यात तीस.

जिंकायला किती

मतदार सव्वातीन लाख, मतदान ऐंशी टक्के, म्हणजे दोन लाख साठ हजार. सरळ लढतीत बाकीच्यांना आणि नोटाला पाच हजार सोडा. एक लाख साडेसत्तावीस हजार ही बरोबरीची रेघ, लक्ष्य एक लाख बत्तीस हजार. तिसरा उमेदवार पंधरा टक्के घेणारा असेल तर तीच रेघ एक लाख आठ हजारांवर येते. लक्ष्याचा आकडा आधी ठरवा, मग तो गावांत वाटा. 'प्रत्येक बूथवर लीड घ्या' असा आदेश निरुपयोगी आहे. जिथे पस्तीस टक्के आहेत तिथे चाळीस करा, जिथे साठ आहेत तिथे मतदान वाढवा; असा बूथवार आकडा कार्यकर्त्याच्या हातात पडला तरच तो कामाला लागतो.

फरक किती बारीक असतो ते करवीर दाखवतं. २०१४ ला चंद्रदीप नरके ७१० मतांनी आले, २०२४ ला १,९७६ मतांनी, आणि या वेळी मतदान ८४ टक्क्यांच्या वर, राज्यात सगळ्यांत जास्त. बूथ साडेतीनशे धरले तर १,९७६ म्हणजे बूथमागे साडेपाच-सहा मतं. तीही एका बाजूची दुसरीकडे गेली तर निम्मी पुरतात: बूथमागे तीन. एका घरात तीन मतं असतातच. इतक्या कमी फरकात टपाली मतंसुद्धा निकाल फिरवतात, म्हणून निवडणूक कामावर गेलेल्या शिक्षक-ग्रामसेवकांची आणि ८५ वर्षांवरच्या, घरून मतदान करणाऱ्यांची यादी पहिल्या आठवड्यात तयार हवी. बहुतेक जण ती शेवटच्या दोन दिवसांत शोधतात.

तिसरा आणि त्याचा भाऊ

तिसऱ्या उमेदवाराने कुणाची मतं खाल्ली, हा चहाच्या टपरीवरचा आवडता वाद. हातकणंगले लोकसभेत २०१९ ला राजू शेट्टी ९६ हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला एक लाख २३ हजार मतं होती. २०२४ ला शेट्टी स्वतःच तिसरे झाले: एक लाख ८० हजारांच्या आसपास मतं, आणि धैर्यशील माने ठाकरे गटाच्या सत्यजित पाटील सरुडकरांवर १३ हजार ४२६ मतांनी निवडून आले. तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त, म्हणजे त्यानेच पाडलं, एवढ्यावर थांबू नका. तो नसता तर त्याचे मतदार कुठे गेले असते? ऊसदराच्या आंदोलनातून आलेला शेट्टींचा शिरोळचा मतदार महायुतीकडेही जाऊ शकतो, घरीही बसू शकतो. तिसऱ्याच्या मतांचे तीन भाग करा, एक आपल्याकडे, एक विरोधकाकडे, एक घरी, आणि भाग किती हे गावांच्या जुन्या टक्क्यांवरून ठरवा. विरोधकाला एक तर आपल्याला दोन, अशी वाटणी झाली तरी फरक पुसला जातो का, ते बघा. पुसला जात नसेल तर त्या उमेदवाराच्या मनधरणीत आठवडा घालवू नका.

चिन्हाच्या साधर्म्याचा फटका वेगळा. शेजारच्या साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला उदयनराजे ३२ हजार ७७१ मतांनी जिंकले आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाच्या शेजारी नुसत्या 'तुतारी'वर लढलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. चिन्हवाटप झालं त्याच संध्याकाळी पूर्ण यादी बघा: आपल्या आडनावाचा, आपल्या नावाचा, आपल्या चिन्हासारख्या चिन्हाचा कोण आहे. असेल तर प्रचारात नाव कमी आणि यंत्रावरचा अनुक्रमांक जास्त. घरोघरी द्यायच्या पत्रकावर मतपत्रिकेचा नमुना छापा, वयस्कर मतदाराला अनुक्रमांक बोटाने दाखवा.

अर्जापासून माघारीपर्यंत

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि नुसत्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार. अकरावा-बारावा शिल्लक ठेवून उपयोग नाही, अर्जावर दहाच बसतात. त्याऐवजी दुसरा अर्ज वेगळ्या दहा जणांच्या सह्यांनी भरा. एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत परवानगी आहे. अनामत विधानसभेला दहा हजार, लोकसभेला पंचवीस हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. पक्षाने उमेदवारी दिल्याचा एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत मूळ सहीसह पोहोचला पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. शपथपत्रात एक रकाना कोरा ठेवला तरी हरकत येते. लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा.

नवा पक्ष काढणाऱ्यांसाठी: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली स्थापनेपासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो, किमान शंभर सभासद, सगळे नोंदणीकृत मतदार, आणि दहा हजार रुपये शुल्क. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. राज्य पक्ष म्हणून मान्यतेचा एक मार्ग विधानसभेत सहा टक्के मतं आणि दोन आमदार असा आहे. तोवर स्वतःचं राखीव चिन्ह नसतं, आणि जिल्ह्यातल्या बऱ्याच स्थानिक आघाड्या तिथेच अडतात.

माघारीचा दिवस हा मतदानाच्या दिवसाइतकाच मोठा. दुपारी तीनला दार बंद होतं आणि दिलेली माघार परत घेता येत नाही. कोल्हापूर उत्तरमध्ये ४ नोव्हेंबर २०२४ ला काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने शेवटच्या घटकेला माघार घेतली, त्या मतदारसंघात 'हात' चिन्हच उरलं नाही, आणि पक्षाला अपक्ष राजेश लाटकरांच्या मागे उभं राहावं लागलं. मतदान २० ला. म्हणजे नवं चिन्ह घरोघरी पोहोचवायला प्रचाराचे दोन आठवडे. तुमच्या एक्सेलमधली चिन्हाची गावं अशा वेळी एका दुपारीत सैल गावं होतात. बंडखोराशी बोलणी अर्ज भरण्याआधी करा. माघारीच्या दिवशी तो सगळ्यांत महाग असतो.

बूथवर

मतदार यादीचं काम आधीच उरकलेलं हवं. नवं नाव फॉर्म ६, वगळणी ७, पत्ता बदल आणि दुरुस्ती ८. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काही घालता येत नाही. चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडीकडे यादीतला मोठा हिस्सा मुंबई-पुण्यात नोकरीला असतो. अशा नावांपुढे खूण करा आणि मतदानाचा टक्का त्यांना वगळून काढा, म्हणजे गावाचा खरा टक्का दिसतो. त्यांना आणायला उमेदवाराच्या खर्चाने गाड्या लावणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरतं, निवड रद्द होऊ शकते. फोन करा, गाडी करू नका.

मतदान प्रतिनिधी शक्यतो त्याच बूथचा मतदार असावा, आणि सोबत बदली माणूस. सकाळी मतदान सुरू होण्याच्या नव्वद मिनिटं आधी अभिरूप (चाचणीचं) मतदान होतं, किमान पन्नास मतांचं. तुमचा माणूस साडेपाचला तिथे नसेल तर ते त्याच्याविना उरकतं. त्यानंतर यंत्र कोरं केलं का, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढल्या का, सील क्रमांक लिहून घेतले का, हे त्याने पाहायचं. संध्याकाळी फॉर्म १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही: त्यात एकूण किती मतं नोंदली गेली आणि यंत्राचे क्रमांक असतात, आणि मोजणीच्या टेबलावर हाच एक कागद तुमच्या बाजूने बोलतो. सहाला 'झालं एकदाचं' म्हणत प्रतिनिधी उठून जातो, हे सगळ्यांत जास्त घडतं.

दर दोन तासांनी झालेल्या मतदानाचा आकडा घ्या, पण बेरीज करत बसू नका. पक्क्या गावांची मागच्या वेळच्या त्याच वेळेशी तुलना करा. दुपारी एकला पक्कं गाव मागे असेल तर माणसं तिकडे पाठवा. सैल गावात दुपारनंतर धावपळ करून फारसं काही हलत नाही.

महापालिकेला गणित बदलतं

२०१५ ला कोल्हापूर महापालिकेत एकसदस्यीय ८१ प्रभाग होते. प्रभाग लहान, नगरसेवक गल्लीतला, त्यामुळे ताराराणी आघाडीसारख्या स्थानिक आघाड्या चांगल्या चालल्या. पण चार-चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची असतात. पहिलं नाव तो ओळखतो, चौथं बहुधा नाही; तिथे चिन्हच कामाला येतं. एकट्या अपक्षाला हे जड जातं. चौघांचं पॅनेल बांधताना चार वेगवेगळ्या पेठांचे, वेगवेगळ्या तालमींचे चौघं घ्या, आणि प्रत्येकाच्या घरच्या बूथवर बाकीच्या तिघांना किती मतं पडली हे निकालानंतर तपासा. फरक शंभराच्या वर गेला तर त्याने स्वतःपुरतं मागितलं असं समजा, आणि पुढच्या वेळी त्याच्या मतांचा पैरा धरू नका.

खर्च

विधानसभेला उमेदवाराची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. महापालिका आणि जिल्हा परिषदेचे आकडे राज्य निवडणूक आयोग वेगळे ठरवतो. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडा. एका माणसाला किंवा दुकानाला दहा हजारांवर रक्कम रोखीने देऊ नका. जेवणावळीचं बिल, मांडव, स्पीकर, गाड्यांचं डिझेल रोजच्या रोज नोंदवहीत चढवा, कारण निरीक्षकांचं पथक स्वतःचं व्हिडिओ चित्रण करून दरपत्रकाने खर्च लावतं आणि तुमची वही त्याच्याशी जुळवून बघतं. तांबड्या-पांढऱ्याच्या दोनशे ताटांचं बिल पन्नास दाखवलं तर नोटीस येते. निकालानंतर तीस दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो, जिंकलेल्याने आणि हरलेल्यानेही. हरलेले उमेदवार हा हिशेब हमखास विसरतात, आणि न दिल्यास तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरतात.